मान हलवली म्हणजे समजलं?

"अगं, त्यांना काय कळणार आहे त्यातलं? सही घे आणि पुढे हो!"

हे वाक्य तुम्ही-आम्ही कुठे ऐकलेलं नाही? बँकेच्या खिडकीशी, दवाखान्याच्या दारात, शाळेच्या कार्यालयात. बोलणारा घाईत असतो, ऐकणारा ओशाळलेला असतो, आणि कागद पुढे सरकतो. पण विद्यापीठातल्या एका प्रयोगशाळेत, जिथे शिकली-सवरलेली माणसं वावरतात, तिथेही हे वाक्य रोज बोललं जात होतं आणि कुणाच्याही कानाला खटकत नव्हतं! त्या प्रयोगशाळेत संशोधन सहायक म्हणून काम करणाऱ्या एका मुलीची ही गोष्ट. तिथे येणारी वयस्कर माणसं तिला ताई म्हणत. आपणही ताईच म्हणू.

म्हातारपणी विसरायला लागलेल्या माणसांच्या मेंदूत नेमकं काय चालतं, याचा तिथे अभ्यास चाले. ताईने माणसाला खुर्चीत बसवायचं, डोक्यावर तारांची टोपी चढवायची, केस बाजूला सारत प्रत्येक तारेखाली गार, चिकट जेल भरायचं. मग समोरच्या पडद्यावर चित्रं दाखवायची आणि शेजारच्या संगणकावर मेंदूच्या लहरींच्या रेघा नीट उमटताहेत ना, ते बघायचं. कुणी नुसते दात आवळले तरी रेघा थयथयाट करायच्या. ताईचा हात हलका होता आणि बोलणं गोड. रुसून आलेली आजी हसत उठून जायची. ओल्या फडक्याने केसांतलं जेल पुसता पुसता ताई म्हणायची, "झालं हं! छान झालं."

कुणाचं छान झालं? ते मात्र कुणी सांगत नव्हतं.

कारण ती टोपी मेंदूची नुसती नोंद घेत होती. तिने कुणी बरं होणार नव्हतं. सहीच्या कागदावर तसं लिहिलेलंही होतं, पण अशा भाषेत, की पहिल्यांदा वाचताना खुद्द ताईची दमछाक झाली होती. आणि दारावर पाटी काय? 'स्मरणशक्ती केंद्र'! आत सगळ्यांच्या अंगात पांढरे डगले. प्रयोगशाळेचे प्रमुख, ज्यांना सगळे सर म्हणत, ते हसून सांगायचे, "पांढरा डगला दिसला की माणसं निमूट बसतात. रेघा स्वच्छ येतात."

तिथे एक टेलरकाका आपल्या बायकोला घेऊन यायचे. दुकानाचं शटर अर्धं ओढून, काकूंचा हात धरून, फुटपाथच्या कडेकडेने. केसांना तेल असलं की जेल धरत नाही, हे ताईने एकदा सांगितलं होतं. तेव्हापासून काका स्वतः काकूंचे केस धुऊन, विंचरून आणत. "बघा ताई, तेलाचा थेंब नाही!" हे सांगताना शाळेतल्या पोरासारखा त्यांचा चेहरा फुलायचा.

एके दिवशी काकू आल्या त्या कपाळावर पट्टी घेऊन.

"अगंबाई, हे काय झालं?"

"काही नाही हो. परवा मी कापड बेतत होतो, तेवढ्यात निघून गेली. माहेरी जायचंय म्हणे. आता माहेरी कोण राहिलंय तिचं? चौकात सायकलवाल्याने धडक दिली. थोडक्यात वाचली."

"आणि डॉक्टरांच्या गोळ्या? चालू आहेत ना?"

"त्या कधीच बंद केल्या," काका सहज म्हणाले. "त्या घेऊन दिवसभर पेंगायची. म्हटलं, तुमची टोपी चालू आहे, मग दोन दोन उपचार कशाला? गुण येतोय ना हो हळूहळू?"

ताईच्या हातातली जेलची सिरिंज जागच्या जागी थबकली. "काका, गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका हं. समजलं ना?" एवढंच ती कसंबसं बोलली. काकांनी मान हलवली.

ते गेल्यावर ती तडक सरांच्या खोलीत गेली. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत विचारलं, "हा उपचार आहे, असं आपण त्यांना कधी म्हणालो का?"

"नाही, सर. पण उपचार नाही, असंही नाही म्हणालो."

"कागदावर आहे ना? मग झालं तर! हे बघ, तू एकेकाला बसवून सांगायला लागलीस, तर उद्या खुर्ची रिकामी राहील. या कामातून पुढे कितीतरी लोकांना औषध मिळू शकेल. एका माणसाच्या गैरसमजापायी ते सगळं पाण्यात घालायचं?"

सर काही लबाड नव्हते. कामासाठी जिवाचं रान करणारा माणूस. म्हणूनच ताईला जास्त चीड आली. पण तिची नोकरी कच्ची, करार सरांच्या हातात. ती धुमसतच घरी आली.

घरी सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्या कोर्टात दुभाषी होत्या, आता निवृत्त. ताईने सगळं सांगून टाकलं आणि शेवटी म्हणाली, "पण आई, मी खोटं काही बोलले नाही हो."

"नाही बोललीस," सासूबाई म्हणाल्या. "पण त्यांचा गैरसमज तुमच्या सोयीचा होता. म्हणून तुम्ही तो जपलात. त्याला काय म्हणायचं?"

"मी त्यांना गोळ्यांचं सांगितलंय. समजलं का, विचारलं. त्यांनी मान हलवली."

"मान!" सासूबाईंनी हातातला टॉवेल खाली ठेवला. "अगं, कोर्टात मान सगळेच हलवतात. जजसाहेब भराभर बोलायचे, मी समोरच्याला त्याच्या भाषेत सांगायची आणि विचारायची, समजलं ना? एका बाईने अशीच मान हलवली आणि बाहेर येऊन मला म्हणते, 'मग आता मी घरी जाऊ ना?' तिला तुरुंगात न्यायला शिपाई उभे होते गं! त्या दिवसापासून मी तो प्रश्नच सोडला. 'काय समजलं ते तुम्ही मला सांगा,' असं विचारायला लागले. वेळ जातो म्हणून साहेब चिडायचे. चिडू देत! पांढऱ्या डगल्यासमोर, काळ्या कोटासमोर माणूस नाही म्हणायला घाबरतो. अडाणी दिसू नये म्हणून मान हलवतो. आणि आपण शहाणे लोक त्या मानेला होकार समजतो."

"आणि माझी नोकरी गेली तर?"

"ते मी कशी ठरवू? तुझं तू बघ. पण तुझ्या त्या काकूंचं डोकं फुटलंय, आणि तू अजून शब्द जुळवत बसलीयेस."

ताईला झोंबलं. पण झोंबायलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी ती प्रयोगशाळेत जायच्या आधी काकांच्या दुकानात गेली. काका मशीनवर बाही जोडत होते, काकू बाजूला चिंध्या रंगांप्रमाणे लावत बसल्या होत्या.

"काका, आमच्या टोपीने काय होतं? तुम्हाला जे समजलंय ते मला सांगा."

"मी सांगू?" काका हसले. "विजेने डोक्यातल्या झोपलेल्या नसा जाग्या होतात. मग आठवायला लागतं. हळूहळू."

ताईने स्टूल पुढे ओढलं आणि सोप्या शब्दांत सगळं सांगितलं. टोपीतून डोक्यात काहीही जात नाही. ती फक्त बघते. त्यातून शिकून पुढे कधीतरी दुसऱ्या कुणाला उपयोग होईल. काकूंना नाही.

मशीनचं चाक थांबलं.

"काहीच नाही?"

"काहीच नाही, काका."

"ती टोपीला घाबरायची," काका हळू आवाजात म्हणाले. "सकाळी निघताना रडायची. मी तिच्यावर ओरडायचो, बरं व्हायचंय की नाही तुला, म्हणून. तशीच ओढत आणायचो." ते एकदम उठले, काकूंचा हात धरला. "चला. मला तुमच्या सरांना भेटायचंय. आत्ताच्या आत्ता!"

प्रयोगशाळेच्या बाहेरच्या बाकांवर त्या दिवशीची माणसं आपापल्या मुला-सुनांबरोबर बसली होती. सर नेमके तिथेच उभे होते. त्यांनी काकांकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं, आणि ओळखलं.

"हे बघा, तुम्ही सही केलेल्या कागदावर..."

"कागद तुम्ही लिहिलात, तुम्हीच वाचलात! मी फक्त सही केली!" काकांचा आवाज चढला. "साहेब, मी टेलर आहे. माणूस माप द्यायला माझ्यासमोर ताठ उभा राहतो, कारण कपडा त्याचा शिवला जाणार असतो. तुम्ही माझ्या बायकोचं माप घेतलंत आणि कपडा दुसऱ्याचा शिवलात! शिवा ना, माझी ना नाही. पण सांगायचं तरी! आम्ही काय माणसं नाही?"

बाकावरची एक मुलगी वडिलांचा हात धरून उठली. "म्हणजे हा उपचार नाहीये?" तिच्यामागून दुसरं कुणी उठलं. सगळे चेहरे सरांकडे वळले.

सरांची नजर काकूंच्या कपाळावरच्या पट्टीवर गेली आणि तिथेच राहिली. काकू कोपऱ्यात भिंतीला चिकटून उभ्या होत्या. आत जायला नको, म्हणून त्यांनी दाराची कड घट्ट धरली होती.

आता आपली नोकरी गेली, असं ताई धरूनच चालली होती. सर तिच्याकडे वळले. "तू सांग यांना," ते म्हणाले, आणि लगेच हात वर केला. "नाही, थांब. मीच सांगायला हवं. आधीच सांगायला हवं होतं."

आणि ते बोलले. अडखळत, शब्द शोधत, पण समोरच्याला कळेल असं. काही जण ऐकतानाच उठून गेले. एक गृहस्थ जाता जाता वाटेल ते बोलले. सरांनी निमूट ऐकून घेतलं.

पुढचे कित्येक दिवस खुर्ची रिकामी राहिली. काम रखडलं, सरांना वरून बोलणी खावी लागली, त्यांनी ती ताईवर काढलीही. सगळं गोड झालं, असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण दारावरची पाटी बदलली. नवीन येणाऱ्या प्रत्येकाशी आधी बोलायचं, त्याला काय समजलं ते त्याच्याच तोंडून ऐकायचं, आणि मगच सही, असा नियम सरांनी स्वतः घातला. माणसं हळूहळू येऊ लागली. थोडी, पण डोळे उघडे ठेवून.

काकूंच्या डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. त्यांचं विसरणं काही थांबलं नाही. घर सोडून निघणं मात्र कमी झालं. आणि एके दिवशी टेलरकाका काकूंना घेऊन दारात उभे!

"काका, तुम्ही?"

"हो. पण आज उपचार घ्यायला नाही, माप द्यायला आलोय. तिला विचारलं, जायचं का. चल म्हणाली. मात्र मधेच नको म्हणाली, तर उठून जाऊ हं."

"त्याच क्षणी, काका!"

नागरिकहो, आपल्यापैकी प्रत्येक जण कधी ना कधी त्या खुर्चीत बसतो आणि कधी ना कधी तिच्यामागे उभा राहतो. बसाल तेव्हा विचारायला लाजू नका, समजेपर्यंत विचारा. उभे राहाल तेव्हा समोरच्याच्या हललेल्या मानेवर समाधान मानू नका. माणसाला अंधारात ठेवून घेतलेली सही ही संमती नव्हे. ती उचलेगिरी आहे, मग घेणारा कितीही शिकलेला असो आणि त्याचं काम कितीही मोठं असो!