वरच्या खणातले चौघे

कॅसेट म्हटले की तुमच्या आईवडिलांना गाणी आठवतील. मित्रांनो, मी त्या जातीची नव्हे. मी खेळाची कॅसेट आहे आणि आता चांगलीच जुनी झाले आहे. राखाडी रंगाची, तळहाताएवढी. माझ्या अंगावर एक चित्र चिकटवलेले होते, त्यात चार प्रवासी डोंगराकडे पाहत उभे होते. आता डोंगर आणि दोनच प्रवासी उरले आहेत. बाकीचे कुणाच्या तरी नखाने कधीच खरवडले गेले.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. एका बाईने माझ्या पोटात शर्टाच्या बटणाएवढी बॅटरी बसवली, डाख दिला, झाकण लावले आणि पुढची कॅसेट उचलली. तिने माझ्याकडे धड पाहिलेही नाही. पण तिच्यामुळेच मला आठवण मिळाली. यंत्र बंद केले तरी खेळणारा कुठवर पोचला होता ते मी विसरत नाही. त्यासाठी माझ्यात एकाखाली एक असे तीन खण आहेत. तीन माणसांचे तीन प्रवास मी सांभाळू शकते, याचा मला पूर्वी फार ताठा होता.

माझ्यातला खेळ साधाच आहे. चार सोबती एका लहान गावातून निघतात आणि जगाच्या टोकाशी बसलेल्या एका काळ्या राजाला हरवायला जातात. वाटेत जंगल, गुहा, समुद्र. लढाया आहेत, पण घाई नाही. तुम्ही विचार करेपर्यंत लांडगासुद्धा दात विचकून उभा राहतो. पहिल्या दिवशी साध्या बेडकाने ज्यांना लोळवले, तेच चौघे महिनाभराने राक्षसाला भारी पडतात. आणि दमून कुठल्याही गावात शिरले की एक धून लागते. सात-आठ सुरांची, हळू. ती ऐकली की आपले कुणीतरी वाट पाहत होते असे वाटते. खेळातली सगळी अक्षरे मात्र जपानी.

मी ज्या घरात आले तिथे ती अक्षरे कुणालाच येत नव्हती. घरातल्या मुलीचा मामा बोटीवर कामाला होता. त्याने मला आणि एक यंत्र तिला आणून दिले. ती तेव्हा तेरा वर्षांची होती. कोणती ओळ दाबली की काय होते ते तिने चुकत चुकत पाठ केले. शाळेतून आली की दप्तर भिरकावून माझ्यासमोर मांडी घालायची. तिची आई स्वयंपाकघरातून हाका मारून थकायची आणि मग तिथेच ताट आणून द्यायची.

मुलीचे वडील मोजणीदार होते. लोकांच्या जमिनी मोजायच्या, खुणा रोवायच्या, नकाशे काढायचे. महिन्यातले वीस दिवस फिरतीवर. घरी आले की दारातूनच म्हणायचे, "अजून तेच? डोळे फुटतील एखाद्या दिवशी." आणि दिवा लावून आत जायचे. तेच काय आहे, हे त्यांनी एकदाही विचारले नाही. मला त्यांचा राग यायचा, खोटे कशाला बोलू. पण बूट काढतानाच डोळे मिटणाऱ्या माणसावर रागावून तरी किती रागावणार?

मुलगी मोठी झाली, शिकायला लांब गेली, तिकडेच नोकरीला लागली. जाण्याआधी तिने मला यंत्रासकट एका खोक्यात घालून कपाटात ठेवले आणि खोक्यावर लिहिले, 'हात लावू नये'. ते वाचून मला फार बरे वाटले होते. पुढची बावीस वर्षे खरोखरच कुणी हात लावला नाही. जपणे आणि विसरणे बाहेरून अगदी सारखेच दिसते, हे मला त्या कपाटात कळले.

खोके उघडले ते मोजणीदारांनी. तोवर ते निवृत्त झाले होते आणि मुलीची आई जाऊन वर्ष झाले होते. घरात ते एकटेच. लेकीचा फोन दर रविवारी सकाळी यायचा. "जेवलात का?" "जेवलो." "औषधं?" "घेतली." "बरं मग." "बरं." आई होती तेव्हा फोन तासभर चालायचा आणि यांच्या हातात शेवटी दोन वाक्यांपुरता यायचा. आता सगळा फोन यांचाच होता आणि बोलायला दोनच वाक्ये होती.

खोक्यावरचे अक्षर त्यांनी बराच वेळ पाहिले. मग आपल्याशीच म्हणाले, "हे कळलं तर रविवारी विचारता तरी येईल काही." त्यांनी मागच्या खोलीतला जुना टीव्ही पुसला, तारा जोडल्या आणि मला खाचेत बसवले. पडद्यावर तीन खण उमटले. वरच्यात चार छोटी माणसे उभी होती. खालचे दोन रिकामे.

मित्रांनो, इथे दुसऱ्या कुणी खालचा खण घेतला असता. पण यांचे आयुष्य सरकारी तक्ते भरण्यात गेलेले. वरची ओळ सोडून खाली लिहिणे त्यांच्या हाताला माहीतच नव्हते. त्यांनी वरचा खण निवडला. मी विचारले, आधीचे पुसू का? माझ्या परीने विचारले, म्हणजे जपानीत. त्यांनी त्या ओळीकडे चष्मा वर करून पाहिले आणि बटण दाबले. मी पुन्हा विचारले. त्यांनी पुन्हा दाबले.

मला ओरडता येत नाही. मी पुसले.

म्हणूनच लेकीच्या त्या चौघांबद्दल मी तुम्हाला काही सांगू शकत नाही. तिची बोटे आठवतात, तिचे ताट आठवते. पण ते चौघे कोण होते आणि कुठवर पोचले होते ते त्या खणात होते.

मोजणीदारांना यातले काही कळले नाही. ते निघाले आपले चौघे घेऊन. आणि सांगायला मला जरा लाजच वाटते, पण त्यांच्याइतके मन लावून मला कुणीच खेळले नसेल. त्यांनी आधी गाव मोजले. चौकटीची वही घेऊन, पावले मोजत, प्रत्येक घर, प्रत्येक झाड. मग जंगल. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या हद्दी मोजल्या आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्या. इथे हद्दीवरून कुणी भांडत नव्हते. समोरचा माणूस बाजूला होऊन वाट द्यायचा. "काय शिस्त आहे," असे ते चौघांना म्हणायचे. मोजणीवरच्या गड्यांच्या नावांनी पुढच्या तलवारवाल्याला ते झेंडेवाला म्हणत, धनुष्यवाल्याला साखळीवाला, औषध देणारीला वैद्यीण. चौथा हातात लांब काठी असलेला जादूगार होता, तो नुसता काठीवाला.

विहिरीपाशी एक बाई उभी असते. ती प्रत्येकाला एकच वाक्य बोलते. रोज संध्याकाळी ते तिच्यासमोर जाऊन उभे राहायचे, तिचे बोलणे होईपर्यंत थांबायचे आणि म्हणायचे, "हो, हो. चाललंय आपलं." ते पाहून मला गलबलून यायचे.

खेळात सोबती लढाईत पडला की तो पांढरा होतो आणि रांगेत सगळ्यात मागून मुकाट चालत राहतो. एकदा वैद्यीण अशी पडली. मोजणीदार अस्वस्थ झाले. तीन दिवस त्यांनी गावातले एकेक दार ठोठावले, तेव्हा एका घरातल्या म्हातारीने घंटा वाजवून तिला उठवले. तिन्ही दिवसांची पावले त्यांनी वहीत लिहून ठेवली आणि पुन्हा सोबती गमवायचा नाही म्हणून कानाला खडा लावला.

लेकीला मात्र त्यांनी यातले काहीच सांगितले नाही. पुरते कळू दे, मग सांगू, असा त्यांचा बेत होता. सहावे गाव संपले तेव्हा मी सुरू होईना. ते मला रुमालात गुंडाळून टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेले. तो त्यांच्याच वयाचा, बोलका गृहस्थ. त्याने माझे पितळी दात खोडरबराने घासले आणि मला लावून पाहिले.

"वा, सहा गावं. पहिल्यांदा लावली तेव्हा तिन्ही खण रिकामे होते का हो?"

"नाही. वरच्यात चार माणसं होती."

"मग तुम्ही कुठे खेळताय?"

"वरच्यात."

दुरुस्तीवाल्याने खोडरबर खाली ठेवले. "अहो, ते कुणाचं तरी होतं. खेळून ठेवलेलं. तुम्ही त्याच्यावरच सुरू केलंत."

"परत येईल ना?"

"येत नाही ते. कुणाचं होतं?"

मोजणीदारांनी मला पुन्हा रुमालात गुंडाळले. घरी येऊन त्यांनी मला यंत्रात बसवले, वर फडके टाकले आणि वही मिटली. खोक्यावरची ती तीन शब्दांची ताकीद त्यांनी स्वतः वाचली होती, हे त्यांना खात असावे. पुढचे पाच रविवार मी फडक्याखालून त्यांचा फोन ऐकला. "जेवलात का?" "जेवलो." औषधांचे उत्तर द्यायलाही ते थांबेनासे झाले. लेकीशी बोलायला काही मिळावे म्हणून जे केले, त्यानेच तोंड बंद केले होते.

सहाव्या रविवारी मात्र तिने विचारण्याआधीच ते म्हणाले, "एक सांगायचंय. तू रागावशील."

"काय झालं? पडलात का कुठे?"

"पडलो नाही. कपाटात तुझा तो खेळ होता ना, तो मी लावला. तुझं त्यात जे होतं ते माझ्या हातून पुसलं गेलं. दुरुस्तीवाला म्हणतो, परत येत नाही."

त्यांनी फोन कानापासून दूर धरून पाहिला, चालू आहे की नाही ते.

"तुम्ही खेळलात?" ती शेवटी म्हणाली. "तुम्ही, बाबा?"

"मोजला."

"काय केलं?"

"मोजला. सहा गावं झाली. नकाशे काढलेत."

ती हसली. खूप दिवसांनी त्या घरात तिचे हसणे आले, फोनमधून का होईना. पण ते मध्येच थांबले.

"त्या चौघांत तुम्ही होतात," ती म्हणाली. "मी, आई, मामा आणि तुम्ही. तो काठीवाला आहे ना, तो तुम्ही."

मोजणीदार खुर्चीवर बसले.

"पहिल्याच गुहेत पडलात. उठवायचं कसं ते मला वाचता येईना. मग काय, दोन वर्षं तसेच पांढरे होऊन मागून चालत होतात सगळ्यांच्या. त्या काळ्या राजाच्या दारापर्यंत आणलं होतं मी तुम्हाला. पण तिघांच्यानं नाही हरत तो. तिथेच सोडला मग." ती हे सगळे अगदी सहज सांगत होती, शेजारच्या घरातले सांगावे तसे. "जाऊ दे. पुसलं तर पुसलं. तसंही त्यात काय होतं."

मला वाटले आता हे क्षमा मागतील. पण त्यांचा तो स्वभाव नव्हे. त्यांनी वही उघडली.

"दुसरं गाव," त्यांनी वाचले. "विहिरीपासून उत्तरेला अकरा पावलं. मग पूर्वेला चार. घंटेचं घर आहे. आत एक म्हातारी असते, ती उठवते. दोनदा हो म्हणायचं."

"आता काय उपयोग त्याचा, बाबा."

"फोन ठेवू नकोस."

त्यांनी फोन स्पीकरवर टाकून टीव्हीवर ठेवला, माझ्यावरचे फडके काढले आणि यंत्र चालू केले. चौघांना घेऊन ते जंगलात गेले. मग त्यांनी एक गोष्ट केली जी त्यांनी एरवी कधीच केली नसती. काठीवाल्याच्या अंगातले चिलखत काढले, त्याच्या हातातली ढाल काढली आणि त्याला सगळ्यांच्या पुढे उभे केले. लांडगे आले. वैद्यीण तयार होती, पण त्यांनी तिला औषध देऊ दिले नाही. तिसऱ्या वाराला काठीवाला पडला, पांढरा झाला आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.

तिथून दुसरे गाव लांब आहे. मोजणीदार एकही पाऊल न चुकता चालत होते आणि तो मागून येत होता. फोनमधून नुसता श्वास ऐकू येत होता. गावात शिरताच धून लागली, तेव्हा तो श्वासही थांबल्यासारखा झाला. विहीर. उत्तरेला अकरा. पूर्वेला चार. म्हातारीने विचारले. त्यांनी हो म्हटले. तिने पुन्हा विचारले. त्यांनी पुन्हा हो म्हटले.

घंटा तीनदा वाजली.

"आलात का?" फोनमधून लेकीने विचारले.

"आलो," मोजणीदार म्हणाले.

मित्रांनो, याने सगळे सुरळीत झाले असे समजू नका. ती अजून लांबच राहते. आठवड्यातले सहा दिवस या घरात मी, ते आणि विहिरीपाशी तेच वाक्य बोलणारी ती बाई, एवढेच असतो. माझी बॅटरीही किती दिवस साथ देईल ते मला ठाऊक नाही आणि ती गेली की वरचा खण पुन्हा कोरा होईल. म्हणून मला आठवते आहे तोवर एक विनंती करून ठेवते. मला जपा, असे मी म्हणणार नाही. मला बावीस वर्षे जपले होते. पण तुमच्या घरात कुणी एकटेच कशात तरी रमून बसलेले दिसले, तर दारातून डोळ्यांची काळजी करून पुढे जाऊ नका. शेजारी बसा आणि विचारा, यात मी कुठे आहे. कदाचित तुम्ही रांगेत सगळ्यात मागे चालत असाल आणि तुम्हाला उठवायचे कसे, ते त्यांना वाचता येत नसेल.