ढिगावरची ठकी

आमच्या घरामागे शिशाच्या कारखान्यातल्या टाकाऊ मातीचा ढीग होता. पावसात त्यातलं पाणी विहिरीत उतरायचं आणि विहिरीतलं आमच्या पोटात. माझ्या ठकीच्या रक्तात शिसं निघालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "पाणी बदला." जणू पाणी म्हणजे खिडकीचे पडदे! गल्लीने आरडाओरडा केला, ढीग हलवायचा हुकूम निघाला, आणि नेमका तेव्हाच माझ्या नणंदेने त्या ढिगावर शोध लावला.

ताई वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापक. ढिगाच्या माथ्यावर त्यांना एक लायकेन सापडलं. बुरशी आणि शेवाळ एकमेकांच्या आधाराने राहतात, तसली मातीला चिकटलेली राखाडी खपली. जगात दुसरीकडे कुठेच नाही म्हणे. ताईंनी कौतुकाने तिला भाचीचंच नाव दिलं, मागे लॅटिन शेपूट लावून. झालं, हुकुमाला स्थगिती मिळाली.

आजवर झाड म्हणजे गाडी लावायला अडचण, असं मानणारा कारखान्याचा मालक रातोरात निसर्गप्रेमी झाला. ढिगाला कुंपण घातलं, फलक लावला, पहारेकरी बसवला. आमच्या विहिरीला साधं झाकणही नव्हतं.

मी ठकीचा रिपोर्ट घेऊन संवर्धन समितीच्या साहेबांकडे गेले.

"बाई, ही प्रजाती जगात एकच आहे हो," ते समजावत म्हणाले.

"माझी मुलगीही एकच आहे."

साहेब मनापासून हसले. त्यांना तो विनोद वाटला.

त्या रविवारी ताई आमच्याकडे जेवायला होत्या. "भारी हट्टी आहे गं ढिगावरची ठकी! विषारी मातीत मजेत राहते. चांगलं खत पडलं तर गवत माजेल आणि ही गुदमरून मरेल." माझी ठकी समोर बसून ताटातलं नुसतं चिवडत होती. भूक लागत नव्हती पोरीला.

ताई दोन महिन्यांसाठी परदेशी संशोधनाला गेल्या आणि मी मालकाला गाठलं. म्हटलं, मला ठकीची सेवा करायची आहे. मालक गहिवरला. पहारेकऱ्याने फाटक उघडून दिलं. मी शेणखत पसरलं, गवताचं बी टाकलं, रोज झारीने पाणी घातलं. मालकाने माझा झारीसकट फोटो फलकावर चिकटवला. गवत वर आलं तेव्हा समितीचे साहेब हिरवळ बघून खूश झाले.

ताई परतल्या. गवत बाजूला सारत, गुडघ्यांवर बसून शोधत राहिल्या. मग उठून साहेबांना म्हणाल्या, "संपलं. आता ढीग उचलायला हरकत नाही."

"पण झालं काय?"

"काळजी जास्त झाली."

ट्रक लागले त्या संध्याकाळी ताई स्वयंपाकघरात आल्या. डोळे सुजलेले होते.

"वहिनी, मला एकदा विचारायचंस तरी."

"तुम्ही हो म्हणाला असतात?"

ठकी दारात उभी होती. तिच्याकडे बघतच ताई म्हणाल्या, "नाही."