शकुंतलाबाईंची साक्ष

मंडळीनं उपकारस्तुतीची भक्ती ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ठरवली आणि तेव्हापासून शकुंतलाबाईंच्या घशाखाली घास उतरेना. उपकारस्तुती म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगतो. माणूस आजारातून उठला, अपघातातून वाचला, की आमची ख्रिस्ती मंडळी जमते, गाणी होतात, पाळक दोन शब्द बोलतात आणि ज्याच्यावर देवाची कृपा झाली त्यानं पुढं उभं राहून साक्ष द्यायची. संकट काय आलं, देवानं कसं सोडवलं, सगळं आपल्या तोंडानं सांगायचं. मग चहा, केक आणि चिवडा. साधा मामला. पण ज्याला सोडवलं त्यालाच तोंड उघडायची धडकी भरली असेल तर काय करायचं?

बाई देवाच्या कृपेनंच वाचल्या, यात सांगलीच्या मंडळीत कुणालाही शंका नव्हती. एकोणीस सालच्या ऑगस्टात कृष्णा चढली, नदीकडची आळी बुडाली आणि सत्तरीला टेकलेली ही बाई नवऱ्याच्या मयतापाशी जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी लष्कराची बोट आली तेव्हा त्यांच्या ओठांवर प्रार्थनाच होती म्हणे. बायका त्यांचा हात हातात घेऊन म्हणायच्या, ‘बाई, काय हो तुमचा विश्वास.’ बाई नुसती मान हलवायच्या. लोकांना ती नम्रता वाटायची. कसली नम्रता अन् कसलं काय.

खरं काय घडलं ते तीनच माणसांना ठाऊक होतं. एक बाई, दुसरा आळीतला रिक्षावाला सयाजी आणि तिसरे बाईंचे यजमान नारायणसर. सरांना तर माती देऊन झाली होती.

नारायणसर शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. पाच सालच्या पुरात पाणी त्यांच्या दारच्या चौथ्या पायरीला लागलं आणि तिथंच थांबलं, ओट्यावर चढलं नाही. पाणी ओसरल्यावर सरांनी ब्रश घेतला, त्या पायरीशेजारच्या भिंतीवर लाल ऑइलपेंटची रेघ ओढली आणि खाली सुबक अक्षरांत लिहिलं, ‘इथवरच. देवाची कृपा.’ आता नदीकडं राहणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात पाचचं पाणी मोजपट्टीसारखं बसलेलंच असतं. कुणाचं उंबऱ्याला, कुणाचं खिडकीला. ‘पाचला इथं आलं नव्हतं, आता काय येतंय’ असं म्हणत किती लोक एकोणीसच्या पुरात त्या सोमवारी निवांत चहा पीत बसले होते, मोजायला गेलं तर लाज वाटेल. बाईंच्या रेघेवर तर साक्षात देवाची सही होती. त्या कशाला हलताहेत?

सर दोन वर्षं अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले. मुलगा देवदत्त कराडला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचा. हायवे बंद पडला तशी त्यानं सयाजीला फोन करून गळ घातली, ‘आईबाबांना तेवढं बाहेर काढ.’ सयाजी बाईंच्याच बालवाडीत शिकलेला. त्यानं नाही म्हणणं शक्यच नव्हतं.

सोमवारी दुपारी तो आला. त्याच्याकडं बोट कुठली असणार? गुऱ्हाळावरची काईल घेऊन आला, गूळ शिजवायची ती लोखंडी मोठी कढई. आमच्याकडं पुरात तिचीच नाव करतात. पाणी तेव्हा तिसऱ्या पायरीला होतं.

‘बाई, चला. सरांना मी उचलून घेतो. तुमी फकस्त त्यांची औषधं घ्या,’ सयाजी म्हणाला.

‘अरे, चौथीच्या वर येत नाही पाणी.’

‘वरनं लय पानी येतंय बाई ह्या टायमाला. रेघ बगत बसू नगा.’

बाईंच्या मनात तेव्हा दोन गोष्टी होत्या. एक विश्वास. दुसरी लाज, पण ती त्यांनी पुढं कितीतरी दिवस स्वतःपाशीसुद्धा कबूल केली नाही. ज्या माणसासाठी अख्खा वर्ग उठून उभा राहायचा, त्याला लघवीच्या पिशवीसकट त्या काळ्याकुट्ट कढईत आडवं घालायचं आणि भर आळीतून न्यायचं? गच्च्यांवरनं लोक बघणार. त्यापेक्षा लष्कराची चांगली बोट येईल, स्ट्रेचर येईल, माणसासारखं नेतील.

सरांचं उजवं अंग लुळं, वाचा गेलेली, पण डावा हात शाबूत होता. सयाजी खाटेवर वाकला तसं त्या हातानं सरांनी त्याच्या शर्टाची बाही धरली. घट्ट धरली. ज्यानं रेघ ओढली त्याचाच आता तिच्यावर भरवसा नव्हता. घशातनं कसलातरी आवाज काढत ते बाईंकडं बघत होते. बाईंनी त्यांचं एकेक बोट बाहीपासून सोडवलं. म्हणाल्या, ‘अहो, सोडा त्याला. त्याला आणखी चार घरं करायचीत. आपल्याला देव आहे.’

सयाजी दारात घुटमळला. ‘सकाळी परत येतो,’ म्हणाला आणि गेला.

दिवेलागणीला चौथी पायरी गेली. उजाडता उजाडता खोलीत गुडघाभर पाणी. सयाजी शब्दाप्रमाणे सकाळी आलाही होता, पण आळीच्या तोंडाशी धार अशी लागली होती की काईल भोवऱ्यासारखी फिरायला लागली. बाहेरगावाहून मदतीला आलेल्या पोरांनी त्याला मागं ओढलं. इकडं बाईंनी सरांच्या काखेतून चादर बांधली आणि त्यांना गच्चीच्या जिन्यावर ओढायला घेतलं. एक पायरी, मग दम. दुसरी पायरी, मग दम. सातव्या पायरीला बाईंच्या हातांनी दगा दिला. तिथंच सरांचं डोकं मांडीवर घेऊन त्या बसल्या. पाणी सरांच्या कमरेपर्यंत होतं. दुपारी केव्हातरी सर कुडकुडायचे थांबले. बाईंना आधी वाटलं, बरं वाटतंय बहुतेक.

छावणीतून देवदत्तशी फोन लागला तेव्हा त्यानं पहिलं विचारलं, ‘आई, सयाजी आलाच नाही?’

‘नाही रे,’ बाई म्हणाल्या.

झालं. तोंडातून निघून गेलं. दफनाच्या दिवशी देवदत्तनं शंभर माणसांत सयाजीची गचांडी धरली, त्याला नाही नाही ते बोलला. सयाजीनं एकदा बाईंकडं पाहिलं. बाईंनी पदर तोंडाला लावला. सयाजी खाली बघत राहिला आणि एक अक्षर बोलला नाही.

खापर त्याच्यावर फुटलं ते फुटलंच. त्याच्या रिक्षाला शाळेच्या पोरांची वर्दी होती, रोजची ने-आण. ‘लुळा माणूस पाण्यात असताना फिरकला नाही, त्याच्या भरवशावर पोरं कशी द्यायची’ असं म्हणत आयांनी एकेक करून पोरं काढून घेतली. त्याची बायको रेश्मा आता तासगावला बेदाण्याच्या शेडवर जायला लागली, पहाटेच्या एसटीनं. बाईंना हे सगळं कळत होतं. रोज गुडघे टेकून त्या देवापुढं रडत होत्या, ‘माझं पाप आहे, प्रभू, माझंच आहे.’ पण देवाला सांगणं सोपं होतं. देव काही कराडला जाऊन देवदत्तला सांगणार नव्हता. म्हणून तर ती कबुली कितीही वेळा दिली तरी छातीवरचा दगड हलत नव्हता.

त्या रविवारी बाई मनाशी पक्कं ठरवून देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, गेल्या. आज सगळ्यांसमोर सांगायचं. मग काय व्हायचं ते होवो.

देऊळ भरलं होतं. पहिल्या बाकावर देवदत्त आणि त्याची बायको ऋचा. आणि सगळ्यात मागं, चपलांपाशी, सयाजी. आमच्या मंडळीतला नाही तो, पण सरांसाठी आला होता. त्याच्या शेजारची जागा रिकामीच राहिली.

पाळकसाहेबांनी तारणाचा अर्थ सांगितला. म्हणाले, ‘देव सोडवतो म्हणजे पाण्यातून ओढून काढतो एवढंच नाही. अपराध एकाचा असतो, आणि ज्याचा काही अपराध नाही असा कुणीतरी तो आपल्या अंगावर घेतो. म्हणून आपण मोकळे.’ लोकांनी आमेन म्हटलं. बाईंना मान वर करवेना. त्यांनी चपलांकडं बघायचं टाळलं.

मग त्यांचं नाव पुकारलं.

त्या उभ्या राहिल्या. ‘सोमवारी दुपारी,’ त्यांनी सुरुवात केली आणि समोर देवदत्त दिसला. चाळिशीचा बाप्या, लहान पोरासारखा हुंदके देत होता. ऋचानं त्याच्या पाठीवर हात ठेवला होता. बाईंच्या मनात एकच आलं. ह्याला जर कळलं की आईनं बापाची बोटं सोडवली, तर हा माझं तोंड पुन्हा बघेल का? ह्याच्याशिवाय जगात माझं म्हणावं असं कोण आहे? सगळं देऊळ वाट बघत होतं.

‘सोमवारी दुपारी पाणी चढलं,’ त्या म्हणाल्या. ‘कुणी आलं नाही. देवानं मला सोडवलं.’

‘आमेन,’ देऊळ म्हणालं. कुणीतरी गाणं धरलं. बाईंनी बसून पदर तोंडाला लावला आणि शेजारणीला वाटलं, कृपेनं भरून आलं असेल.

चहा चालू असताना त्या मागच्या दारानं बाहेर पडल्या. सयाजी रिक्षापाशी होता, रिक्षा चालू होत नव्हती, तो खाली वाकून बघत होता.

‘तू का बोलत नाहीस रे?’ बाईंनी विचारलं. त्या जवळजवळ रागावल्या होत्या.

सयाजी उभा राहिला. ‘काय बोलू, बाई? सरांनी माझी बाही धरल्याली आन् तुमी ती सोडवली, असं सांगू दादाला? त्यो मग तुमच्या दारात पाय ठेवंल का?’

‘आणि तुझं काय?’

‘माझं काय. मिरजंला रिक्षा लावीन. तुमाला दुसरा ल्योक कुठनं आनून दिऊ?’ मग तो हळूच म्हणाला, ‘चूक माजी बी हायेच. तवा तुमचं ऐकायला नगं हुतं. तसंच उचलून न्यायाचं हुतं.’

‘मी सांगते त्याला. आत्ता सांगते.’

सयाजी नको म्हणाला नाही. इतके दिवस मूग गिळून बसलेल्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर अशी काही आशा आली की ती बघवेना. दमला होता तो. त्याला पण सुटायचं होतं.

तेवढ्यात देवदत्त गाडीची किल्ली हातात घेऊन आला. सयाजीला बघून त्याचं डोकं फिरलं. ‘तू कुठल्या तोंडानं आलास इथं? आईनं काय सांगितलं ते ऐकलंस ना?’

सयाजीनं बाईंकडं बघितलं. घाई केली नाही. दोघांच्या मध्ये उभ्या असलेल्या बाईंना तो पुरेसा वेळ देत होता. देवदत्तचा हात त्यांच्या खांद्यावर होता, उबदार, त्यांच्या पोटच्या पोराचा हात, आणि त्या हाताखालून बाहेर पडायची हिंमत त्यांच्यात नव्हती.

सयाजीच्या चेहऱ्यावरची आशा हळूहळू मावळली. त्यानं हात जोडले.

‘चुकलं माझं, दादा. यायला पायजे हुतं मी,’ तो म्हणाला.

देवदत्त त्याच्या पायाशी थुंकला आणि आईला घेऊन गाडीकडं वळला. बाईंना तो आता कायमचा कराडला नेणार होता, सामान सकाळीच डिकीत भरलं होतं. त्यानं दार उघडलं, त्यांचा पदर अडकू नये म्हणून आत सारला, पट्टा लावून दिला. गाडी हायवेला लागली.

मग त्यानं विचारलं, ‘साक्ष दिल्यावर बरं वाटलं ना, आई?’

‘हो,’ बाई म्हणाल्या.