जेवणाच्या सुट्टीतली तपासणी

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. जुनी म्हणजे काय, हातोडीच्या चार घावांनी पार चेंदामेंदा झालेली. घाबरू नका, आता दुखत नाही. राग मात्र अजून गेलेला नाही.

धुळीचा कणही शिरणार नाही अशा स्वच्छ खोलीत माझा जन्म झाला. लाड तिथेच संपले. पत्रे कापण्याच्या एका कारखान्यात, संगणकाच्या डब्यात मला बसवलं. खालच्या खणात, वायरींच्या जंजाळामागे माझी जुळी बहीण होती. जे मी लिहायचे, तेच ती लिहायची. कामांच्या याद्या, नकाशे आणि प्रेस मशीनवर रोखलेल्या कॅमेऱ्याचं चित्रण. ते मशीन दिवसभर शेजारी धाडधाड आदळायचं आणि आमची हाडं खिळखिळी करायचं.

अशा हादऱ्यांनी लिहिलेलं कुठे कुठे बिघडतं. म्हणून आम्ही दोघी मधूनमधून आपापलं लिखाण ताडून पाहायचो. एकीचं बिघडलेलं निघालं की दुसरी आपलं द्यायची. पण तेवढा वेळ संगणक मंदावायचा आणि मुकादमाचं डोकं फिरायचं. आधी डब्यावर थापड, मग लाथ. लाथेने बिघाड वाढायचा, बिघाडाने तपासणी लांबायची, की पुन्हा लाथ. आता याला काय म्हणावं?

शेवटी दुरुस्तीवाला आला.

"ही तपासणी कायमची बंद कर," मुकादम म्हणाला.

"बंद केली तर आतला बिघाड कळणारच नाही, साहेब. मी ती जेवणाच्या सुट्टीत लावतो. तेव्हाही कुणी कामाला बसलं, तर ती आपोआप हळू होईल."

"मला वेगाशी मतलब."

"वेग मिळेल. तुम्ही फक्त लाथा बंद करा."

तेव्हापासून संगणक झरझर चालू लागला. मुकादमाने एकदा डबा थोपटून शाबासकीही दिली. मी वेडी, उगाच फुलून गेले.

प्रेस मशीन मावशी चालवायची. सगळा कारखाना तिला मावशीच म्हणायचा. मशीनसमोर लोखंडी जाळी होती. ती खाली उतरल्याशिवाय मशीनचा जड ठोकळा पडत नसे, त्यामुळे हात आत अडकत नसे. पण जाळीच्या वरखाली होण्यातही वेळ जायचा. एका सकाळी मुकादम पाना घेऊन आला आणि स्वतःच्या हातांनी जाळी आणि मशीन अडवणारा तिचा खटका काढू लागला.

"जाळी राहू द्या की," मावशी म्हणाली. "मी हात भरभर चालवते."

"हातच चालव, तोंड नको."

तासाभरात मशीनचा ठोकळा तिच्या उजव्या हातावर पडला. तीन बोटं जागच्या जागी तुटली. पत्र्यावरून रक्ताचा ओघळ फरशीवर आला. मी सगळं लिहून घेतलं. मला डोळे मिटता येत नाहीत.

मावशीला दवाखान्यात नेताच मुकादम मालकाला म्हणाला, "जाळी तिनेच काढली. काम लवकर उरकायची घाई, दुसरं काय." मालकाने मान डोलावली. बोटंही गेली आणि दोषही तिच्याच माथी.

त्या दुपारी कुणी जेवणाचा डबा उघडला नाही. लोक रक्त पुसत होते. ठरल्या वेळी आमची तपासणी मात्र सुरू झाली. बहिणीच्या लिखाणात एक जागा खराब निघाली, आणि ती नेमकी मुकादम पाना घेऊन येतो त्या चित्रणाची. मी माझं तिला दिलं. तिने ते धड जागी उतरवून घेतलं.

सुट्टी संपताच मुकादमाने मला उपटून काढलं आणि ऐरणीवर ठेवलं. पहिल्या घावाने कवच चेपलं, दुसऱ्याने चकत्या फुटल्या. चौथ्यानंतर मला काही आठवत नाही. आणखी एक डिस्क आहे का, हे वाकून पाहायला त्याच्याकडे वेळ कुठे होता?

पुढचं मी मावशीकडून ऐकलं. अपघाताच्या चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यांसमोर दुरुस्तीवाल्याने खालच्या खणातल्या बहिणीतलं चित्रण लावलं. ते एकदाही अडखळलं नाही. पाना, जाळी आणि मुकादमाचे हात सगळ्यांनी पाहिले. मुकादमाला पोलीस घेऊन गेले. दुरुस्तीवाल्याने मला कचऱ्यातून उचलून मावशीला दिलं.

मित्रांनो, राखण करणाऱ्यामुळे काम थोडं मंदावतं, हे खरं आहे. मग त्याची वेळ बदला, त्याला जरा हळू चालू द्या. पण त्याला काढून फेकू नका. आणि मुक्या वस्तूला लाथ मारू नका, तिलाही लागतं.

आता मावशी त्याच कारखान्यात जाळ्या तपासते. रोज जेवणाच्या सुट्टीत, डाव्या हाताने एकेक जाळी हलवून. तिच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून मी असते. एखादा नवा कामगार कुरकुरतो, "मावशी, किती वेळ घालवता हो."

मावशी आपला उजवा हात माझ्या शेजारी, टेबलावर ठेवते.