लोळायची तालीम

चांदूर बाजारच्या त्या वस्तीत चुली पेटायच्या आधी मैनाबाईच्या अंगणात तीनचाकीची साखळी खडखडायची. प्रणाली तिला तेल देत बसलेली असायची. लहानपणी तापात पाय गेले ते गेलेच. आता सत्तावीस वर्षांची झाली, पण कमरेखालचं अंग असून नसल्यासारखं. कमरेच्या वर मात्र सगळा ऐवज शाबूत होता. जीभ तिखट, हसणं मोठं, आणि दंड असे की चढावर धडधाकट सायकलवाले तिच्या मागे पडत. खुशालरावांच्या संत्र्याच्या शेडमध्ये ती छाटणीला जाई. पुढ्यात संत्र्यांचा ढीग; मोठा माल एका कॅरेटमध्ये, बारका दुसऱ्यात, आणि लिंबाएवढी चुरी तिसऱ्यात. दिवसभर हात आणि तोंड दोन्ही चालू.

"माय, ठेचा जास्तीचा टाक वं डब्यात. इंदूबाई माह्याच डब्यात हात घालते."

"तिले म्हन, तुह्या घरी मिरच्या नाईत काय?" मैनाबाई करवादली आणि ठेचा जास्तीचा टाकलाच.

नवरा गेल्यावर दुसऱ्याच्या वावरात राबून मैनाबाईनं किशोर आणि प्रणाली ही दोन लेकरं वाढवली. मुलीला एकच शिकवण दिली होती. कोणासमोर हात पसरायचा नाही. भावकीतल्या बायांनी "हिले मंदिरापुढं बसव, पोटाले मिळन" असा शहाणपणा सांगितला, तेव्हा मैनाबाईनं त्यांना झाडू दाखवला होता.

त्या वर्षी संत्र्याच्या आंबिया बहाराचा माल जोरात आला आणि नेमकी प्रणालीच्या कुशीत कळ उठू लागली. बसून बसून दुखत असेल, म्हणून तिनं अंगावर काढलं. एक दिवस शेडमध्येच ती कॅरेटवर वाकली आणि तिला सरळ होता येईना. किशोरनं तिला अमरावतीला नेलं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. किडनीच्या तोंडाशी खडा अडकला होता आणि लघवी मागे तुंबत होती. लवकर ऑपरेशन झालं तर किडनी वाचेल, नाहीतर जाईल. अपंगांसाठीच्या सरकारी कार्डावर ऑपरेशन फुकट होतं; एरवी तो खर्च या घराच्या आवाक्यातला नव्हता. "कार्ड आणा, लगेच घेतो," डॉक्टर म्हणाले.

आता या कार्डाची गंमत ऐका. ते अपंगाला मिळतं. पण अपंग कोण? ज्याच्याच्यानं काहीच होत नाही तो. हात चालले, चार पैसे घरात आले, की कार्ड कोणाला द्यायचं ते घरोघर फिरून ठरवणाऱ्या समितीच्या लेखी माणसाच्या वाळल्या पायांना जणू पालवी फुटते! हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि म्हणून तिथे एक रीतच पडून गेली होती. समिती यायच्या आदल्या दिवशी लोळायची तालीम करायची. लंगड्यानं कुबडी शेजाऱ्याकडे लपवायची, आंधळ्यानं स्वतःच्याच उंबऱ्याला अडखळायचं. कोणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. लग्नाआधी हळद दळावी, तशी लोक ही तयारी करत.

मैनाबाईनंही केली. तीनचाकी शेजारच्या इंदूबाईच्या गोठ्यात पोत्यांखाली गेली. प्रणालीच्या अंगावर विटकं लुगडं आलं, केस विस्कटले.

"कोपरावर ये. असं. मान टाक. तोंड जरा उघडं ठेव."

प्रणाली आधी खो खो हसली. "माय, येवढी तं मी ताप आला तवा बी नवती लोळली."

"हासू नोको. उद्या हासली तं किडनी जाईन."

मग ती हसली नाही. शेणानं सारवलेल्या जमिनीवर ती कोपरांनी सरकत राहिली, आणि जिनं आयुष्यभर तिला ताठ बसायला शिकवलं ती आई "आनखीन, आनखीन हळू" म्हणत राहिली.

दुसऱ्या दिवशी समिती आली. साहेब दोन होते, पण चालायचं ते भगवंतरावांचं. गावातलं वजनदार माणूस, पांढरेशुभ्र कपडे, बोलणं साखरेत घोळलेलं. दाराशी आळी जमली होती. भगवंतराव खुर्चीवर बसले आणि मायेनं म्हणाले, "पोरी, मले तहान लागली. त्या घागरीतून पानी देतं काय?"

प्रणाली सरकत निघाली. आळी बघत होती. बायांनी तोंडाला पदर लावले. घागरीपाशी पोचून तिनं पेला बुडवला आणि एका कोपरावर अंग रेटत परत आली. अर्धं पाणी तिच्याच अंगावर सांडलं. उरलेलं भगवंतरावांनी घेतलं नाही.

"ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे बाप्पा," म्हणत त्यांनी आशीर्वाद द्यावा तसा तिचा हात हातात घेतला, आणि उलटा केला. तळव्यावर रांगेनं घट्टे होते.

"हे कायचे वं, मैनाबाई?"

"दळते जी घरी. जात्यावर."

"जातं कुठं हाय तुह्या घरी?" भगवंतरावांनी तो हात नाकाशी नेला आणि सोबतच्या साहेबांकडे पाहून डोळा मिचकावला. "संत्र्याचा वास येऊन राह्यला. कमावती हाय, साहेब. आमाले येडं समजतात हे लोकं."

दाराशी कोणीतरी फिस्सकन हसलं.

"कमावते जी," मैनाबाई पाया पडली, "पण तिचे पाय तं नाईत नं! डाक्टर म्हनते किडनी जाईन."

"मंग अशा लेकराले कामाले कावून धाडतं? लाज नाई वाटत?" ते उठता उठता म्हणाले. "काम सोडव. घरी बसव. पुढच्या खेपेले पाहू."

किशोर खुशालरावांकडे गेला. शेडमधून काही विमा, काही दवाखान्याची सोय? खुशालराव खजील झाले, पण बोलले खरं तेच. शेड हंगामापुरतं, बाया रोजानं, इथे कुठला विमा? म्हणजे कामगार म्हणून तिला काही नव्हतं, आणि अपंग म्हणून जे होतं ते ती कामगार असल्यानं गेलं. इकडे आड, तिकडे विहीर.

प्रणाली घरी बसली. मैनाबाईनं तिला घागर उचलू दिली नाही, भाकरी थापू दिली नाही. रोज दिवेलागणीला ती पोरीचे तळहात गरम पाण्यात भिजवी आणि वजरीनं घासे. टाचेच्या भेगा घासायची ती वजरी. घट्टे निघेपर्यंत घासे, आग आग होऊन प्रणाली हात ओढून घेई, मैनाबाई पुन्हा ओढी. "थोडंच राह्यलं माय, थोडंच." अधूनमधून ताप भरे, कळ उठे. संत्र्याचा हंगाम सरला, तुरी निघाल्या, उन्हं चढली. पोरीचे हात लोण्यासारखे मऊ झाले.

पुढच्या खेपेला भगवंतरावांनी ते हात पाहिले आणि समाधानानं मान हलवली. कार्ड मिळालं.

अमरावतीच्या डॉक्टरांनी तपासलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. किडनी सडली होती, ती काढून टाकावी लागली. कार्डानं सगळा खर्च केला, एका पैशाची कुरकुर केली नाही. जी किडनी वाचवायला कार्ड नाही म्हणालं, तीच कापून टाकायला ते हो म्हणालं! याला राज्य म्हणायचं की कसाईखाना, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

"दुसरी जपा," डॉक्टर म्हणाले. "औषधं आणि तपासण्या चुकवायच्या नाहीत." दोन्ही त्या कार्डावरच होत. आणि कार्ड टिकवायला दरवर्षी समिती येणार होती.

वर्ष फिरलं. समितीच्या दिवशी सकाळी मैनाबाईनं विटकं लुगडं काढून ठेवलं, गोधडी अंथरली. प्रणाली आंघोळ करून, वेणी घालून, बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसली होती.

"दादा, माही गाडी आन इंदूबाईच्या गोठ्यातून."

किशोरनं आईला हाक मारली. मैनाबाई धावत बाहेर आली.

"डोकं फिरलं काय तुहं? आज?"

"आजच. खुशालरावनं बलावलं हाय. हंगाम सुरू झाला."

"एकच राह्यली हाय तुह्यापाशी! थे गेली तं?" मैनाबाईनं तिच्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. मग पोरीचाच हात धरून ती तिच्यापाशी बसली.

प्रणालीनं गाल चोळला नाही. "माय, तुह्याच्यानं मले उभं करनं नाई झालं, तं चाललं. तुहा दोष नाई. पण आता लोळवू नोको. वरीसभर मी घरात कुजून राह्यली. किडनी एक गेली, मी सारीच जाऊन राह्यली."

मैनाबाईला तिची मऊ बोटं हातात लागली. ती कोणी मऊ केली, हे तिला कोणी सांगायला नको होतं. त्या माउलीच्या काळजाचं काय झालं असेल ते झालं. ती उठली, आत गेली, आणि डब्यात भाकरी बांधून घेऊन आली.

दुपारी भगवंतराव आले. गोधडी रिकामी होती.

"पोरगी कुठं हाय?"

'दवाखान्यात' हा शब्द मैनाबाईच्या जिभेवर तयार होता. तेवढं म्हटलं असतं तर निभावलं असतं.

"कामावर गेली जी. खुशालरावच्या शेडात, छाटणीले."

भगवंतरावांना वाटलं, बाई चुकून बोलली. "कार्ड कटते, समजते नं तुले?"

"समजते."

"मंग बिमार पडली तं आमच्या दारी येऊ नोको."

"येईन जी. दरखेपी येईन." मैनाबाई दारातून हलली नाही. "पोरगी कामाची हाय अन् बिमार बी हाय. दोनी खरं हाय. तुमच्या कागदात दोनीले जागा नसन, तं कागद मोठा करा. आता आमी लहान होनार नाई."

भगवंतराव हसले. नाव कापलं गेलं आणि समिती पुढे देवमनच्या घरी गेली. थ्रेशरमध्ये एक हात गमावलेला हा माणूस उरलेल्या हातानं पंक्चर काढतो. त्या दिवशी त्याचं दुकान बंद होतं. बायको त्याला घास भरवत होती आणि तो तोंडातून भात गाळत होता. कार्ड त्याला मिळालं.

देवमनला नावं ठेवू नका. प्रणालीला शाबासकीही देऊ नका. शाबासकीनं ताप उतरत नाही. द्यायचंच असेल तर तुमच्या तालुक्याच्या समितीत जाऊन उत्तर द्या, की कमावत्या माणसाची किडनी दुखत नाही असं कोणी ठरवलं, आणि ते ठरत असताना आपण कुठे होतो. प्रणालीची गेल्या महिन्याची तपासणी चुकली आहे. तिच्याकडे एकच किडनी आहे, आणि ती रोज सकाळी कामाला जाते.