शिक्षक: डेल्मर स्टिडम

कल्याण कचेरीतल्या मिसेस फुगेटनं चष्म्यावरून बघत विचारलं, "शायला, तू शाळा सोडलीस कधी?"

शायलाला वाटलं, बाई दुसऱ्याच कुणाची फाईल बघतेय. मांडीवर तिचा सात महिन्यांचा मुलगा ज्यूड होता आणि पायाशी दप्तर. इथलं काम उरकून ती तिसऱ्या तासाला वर्गात बसणार होती.

"मी कुठे सोडलीय? ज्यूडच्या छातीत कफ भरला होता, अकरा दिवस लेक्सिंग्टनच्या इस्पितळात होतो आम्ही. शुक्रवारी सोडलं त्याला. हे बघा, डॉक्टरांचं पत्र."

"ते असू दे, बाळा. शाळेनंच कळवलंय की गेल्या मंगळवारी तुझं नाव कमी झालं." मिसेस फुगेटचा आवाज खाली आला. "नियम तुला ठाऊक आहे. अठरा पुरी नाहीत, पदरात मूल आहे, तर आईबापाच्या घरी राहायचं आणि शाळा पूर्ण करायची. दोन्हीतलं एक जरी सुटलं तरी सरकारी मदत बंद. पाळणाघराचे पैसे भागवणारी चिठ्ठीसुद्धा."

शेजारच्या खुर्चीत शायलाचा बाप डेल्मर बसला होता. वीस वर्षं खाणीत काढलेला माणूस. आता चार पायऱ्या चढल्या तरी त्याला धाप लागायची. बायको गेल्यावर लेकीला त्यानं एकट्यानं वाढवलं होतं. "शाळेचीच काहीतरी चूक असणार. मी बघतो," असं तो म्हणाला खरा, पण मंगळवार म्हटल्याबरोबर त्याला एक सही आठवली होती.

मंगळवारी उपमुख्याध्यापक पेल्फ्री घरी आला होता. ओसरीवर उभ्याउभ्याच म्हणाला, "डेल्मर, पोरीची गैरहजेरी फार झाली. आता प्रकरण कोर्टात जाईल, आणि उभं तुलाच राहावं लागेल. त्यापेक्षा इथं सही कर. घरी बसून अभ्यास करील ती, बाळही सांभाळील. कटकट मिटली." डेल्मरनं खिसा चाचपला, चष्मा ट्रकमध्ये राहिला म्हणाला आणि पेल्फ्रीनं बोट ठेवलं तिथं सही केली. पोरीवरचं संकट टळलं, असंच त्याला वाटलं होतं. इस्पितळात आधीच तिच्या जिवाला घोर, म्हणून फोनवर तो काही बोलला नाही.

तिथून दोघं थेट शाळेच्या कचेरीत गेली. पेल्फ्रीनं कागद काढून शायलाच्या हातात दिला. तिनं तो मोठ्यानं वाचला. "मी माझ्या मुलीला स्वखुशीनं शाळेतून काढून घेत आहे. यापुढे तिला घरी शिकवण्याची जबाबदारी माझी. शिक्षकाचं नाव..." ती थांबली. "शिक्षकाचं नाव, डेल्मर स्टिडम."

डेल्मरला ऐकलं ते खरंच वाटेना. शिक्षक! तो!

"डॅडी, ही सही तुमची आहे."

"हो."

"न वाचता केलीत?"

पेल्फ्री घाईनं म्हणाला, "सगळं समजावून सांगितलं होतं मी. शिवाय वाचायला कागदही हातात दिला होता. मोठा माणूस आहे तो."

"चष्मा नव्हता का?" शायलानं विचारलं. "की मी घरी बसलेली बरी, असं तुम्हालाही वाटलं? खरं सांगा, डॅडी!"

हे मात्र त्याला सोसवलं नाही. आतल्या दारात मुख्याध्यापिका कोम्बेटबाई येऊन उभ्या होत्या, टेबलापाशी दोन कारकून होते, शायलाच्या वर्गातली एक पोरगी उशिरा आल्याची चिठ्ठी घ्यायला थांबली होती. त्या सगळ्यांसमोर तो म्हणाला, "मला वाचता येत नाही."

शायलानं हातातला कागद टेबलावर ठेवला.

"सही येते. आकडे येतात. बाकी काही येत नाही. चौथीत शाळा सुटली. तुझ्या आईला ठाऊक होतं, आणखी कुणाला नाही." मग तो पेल्फ्रीकडे वळला. "शाळेतून काढतोय असं तू म्हणाला नाहीस. अभ्यासाची सोय म्हणालास. आता सांग सगळ्यांसमोर, मी हिला काय शिकवणार होतो?"

पेल्फ्रीचा चेहरा लाल झाला. शायला बापाकडे अशी बघत होती, जणू तो पहिल्यांदाच दिसत होता. तिच्या प्रगतिपुस्तकांवर पहिलीपासून त्यानंच सह्या केल्या होत्या.

कोम्बेटबाईंनी कागद घेतला, इस्पितळाचं पत्र घेतलं. "पेल्फ्री, आत या," एवढंच बोलल्या. पंधरा मिनिटांनी त्या बाहेर आल्या. "हा कागद रद्द. नाव पुन्हा लावलंय, इस्पितळातले दिवस माफ. कल्याण कचेरीला मी स्वतः कळवते. जा शायला, वर्गात जा."

पण ती गेली नाही. ज्यूडला घेऊन बापाच्या मागोमाग ट्रकमध्ये येऊन बसली. नदीचा पूल ओलांडल्यावर म्हणाली, "आणि गाडीचं लायसन?"

"तोंडी घेतली परीक्षा. तेव्हा घ्यायचे."

"मी लहान असताना गोष्टी वाचून दाखवायचात ते?"

"चित्रं बघून जुळवायचो."

तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं. ती हसतेय की रडतेय हे त्याला कळलं नाही, आणि विचारायची हिंमतही झाली नाही.

थांबलेली मदत सुरू व्हायला सहा आठवडे गेले. तोवर सकाळी ज्यूडला डेल्मरच सांभाळायचा, धापा टाकत. बुडालेल्या दिवसांत गणित मागे पडलं, ते शायलानं उन्हाळी वर्गात पुरं केलं. त्यामुळे मे महिन्यात शाळा संपल्याच्या समारंभात मैत्रिणींबरोबर झगा घालून मंचावर जाणं काही तिच्या वाट्याला आलं नाही. ऑगस्टमध्ये शाळा पूर्ण केल्याचा दाखला टपालानं आला. डेल्मरनं पाकीट फोडलं नाही. ती नव्यानं धरलेल्या कामावरून येईपर्यंत ते हातात धरून ओसरीवर बसून राहिला.