आजीची व्याकरणाची वाडी

आमच्या घरात इंग्रजी व्याकरण शिरलं ते सुनेच्या रागातून. नात रिद्धी तिसरीत, इंग्रजी माध्यमात. चाचणीत ‘नाउन म्हणजे काय’ या प्रश्नापुढे तिने मोर काढून ठेवला. मोर छान आलाय असं मी म्हटलं, तर सुनेने, मीराने, माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने वर्तमानपत्रात डोकं खुपसलं.

मीराने तिथल्या तिथे जाहीर केलं, दिवाळीनंतर रिद्धी गोखिवऱ्याला मीराच्या माहेरी राहील. बिल्डिंगच्या खालीच ट्यूशन आहे. इकडे गिरीजला, आमच्या घरी, शनिवार-रविवारी येईल. यात मीराचं तरी काय चुकलं? ती आणि आमचा संकेत नोकरीवरून परततात तेव्हा पोर जेवून पेंगत असते. मी बँकेत कारकुनी केली, इंग्रजी मला कळतं, पण शिकवायला बसलो की माझा आवाज चढतो आणि पोर रडायला लागते. म्हणजे माझं नाव आधीच बाद.

मीरा आत गेल्यावर बायको यशोदा शेंगा सोलता सोलता मला म्हणाली, “पोर गेली तर मी या घरात करू काय?”

दुसऱ्या दिवसापासून ती शेजारच्या ॲंजेला टीचरकडे जाऊ लागली. टीचर आता निवृत्त आहेत. यशोदाचं शिक्षण मराठी सातवी, इंग्रजी वाक्य आयुष्यात एकही बोललेली नाही. पण नाउन, प्रोनाउन वगैरे नावं तिने आरतीसारखी पाठ केली आणि संध्याकाळी घरामागच्या वाडीला पाणी सोडताना नातीला शिकवायला घेतली.

आता वाडीत शिकवायचं तर वाडीतल्याच वस्तूंवरून. बांधाकडची केळ म्हणजे नाउन, कारण ती नावाने ओळखायची. तिच्या शेजारचा सोनचाफा ॲडजेक्टिव्ह, त्याच्यामुळे केळीला शोभा. पाण्याचा पंप व्हर्ब, कारण घरात काम करणारा तेवढा एकच. हे बोलताना तिने माझ्याकडे पाहिलं. पाण्याच्या पाटावरची फळी कंजंक्शन, दोन्हीकडचे वाफे जोडणारी. प्रोनाउनवर गाडी अडली. मग वांग्यांच्या वाफ्यातलं बुजगावणं सापडलं, ते माणसाच्या बदली उभं असतं. त्याच्या अंगात माझा जुना शर्ट असल्यामुळे नात मला प्रोनाउन आजोबा म्हणू लागली. हळूहळू घरात सगळ्यांचीच जीभ बिघडली. एकदा मी स्वतः मेकॅनिक दिनानाथला फोनवर सांगितलं, व्हर्ब बंद पडलाय, पाना घेऊन ये.

रिद्धी रोज वाडीत या सगळ्या वस्तूंपाशी फेरा मारत पाठ करायची. त्यामुळे शाळेत तोंडी परीक्षेला नाव पुकारल्यावर ती उठली, डोळे मिटले आणि वर्गात चालायला लागली. पहिल्या बाकाशी नाउन सांगितलं. खिडकीशी थांबून वास घेतला आणि ॲडजेक्टिव्ह सांगितलं. कपाटापुढे नसलेल्या फळीवरून तोल सांभाळत पलीकडे गेली. उत्तरं सगळी बरोबर, पण मागोमाग अर्धा वर्ग वास घेत फिरत होता.

शाळेने बोलावलं. मीराने अर्धी रजा काढली आणि यशोदालाही बरोबर घेतलं. मला कोणी बोलावलं नव्हतं, म्हणून मी गेलो.

रिद्धीच्या वर्गाची बाई तरुण होती आणि फक्त इंग्रजीत बोलत होती. मुलीला सगळं येतं, पण हे चालणं-बिलणं वर्गात चालणार नाही, आजीने शिकवणं थांबवावं, मुलीला नीट ट्यूशन लावावी, असं तिचं म्हणणं. बोलत होती मात्र गोड हसून, त्यामुळे यशोदा खुशीत मान डोलावत होती. बाई थांबली तशी हिला वाटलं, आता आपली परीक्षा. पदर सारखा करून ती उभी राहिली, नाउनपासून कंजंक्शनपर्यंत सगळं घडाघडा म्हणून दाखवलं आणि खाली बसली. मला हसू आलं नाही.

मीराला हवं तेच बाईच्या तोंडून निघालं होतं. पण तिने आधी सासूकडे पाहिलं. मग इंग्रजीतच म्हणाली, वर्गात रिद्धी बसून उत्तरं देईल, ते मी बघते. घरी कोणी शिकवायचं ते आमचं आम्ही ठरवू.

फाटकाबाहेर येताच यशोदाने मीराचा हात धरला. “बाई एवढा वेळ काय बोलत होती गं? मला अक्षर कळलं नाही.”

“म्हणाल्या, आजींनी छान तयारी करून घेतलीय,” मीरा म्हणाली. “पुढचंही त्यांनाच शिकवू द्या, मुलीला कुठे पाठवू नका.”

यशोदाचे डोळे भरले. तरी तिने माझ्याकडे वळून पाहिलं. घरात इंग्रजी कळणारा तिच्या हक्काचा माणूस मीच.

“अगदी हेच म्हणाली,” मी सांगितलं. “शब्दाला शब्द.”